फुफ्फुसातल्या गाठींचा फॉलोअप: दोन स्कॅन शेजारी ठेवून बघताना

छातीला मार लागला होता म्हणून सीटी स्कॅन केला, बरगडी मोडलेली नाही हे कळलं, आणि त्याच रिपोर्टच्या शेवटी लिहिलेलं होतं की उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ७ मिमीचा सॉलिड नोड्यूल, म्हणजे घट्ट गाठ, डाव्या फुफ्फुसाच्या अगदी तळाशी ९ मिमीचा ग्राउंड ग्लास नोड्यूल आणि इकडेतिकडे काही बारीक, ३-४ मिमीचे. खोकला नाही, दम लागत नाही, वजन उतरलेलं नाही, दुखत होतं ते फक्त बरगडीपाशी. अशा गाठी दुखत नाहीतच, फुफ्फुसाच्या आतल्या भागाला दुखणं कळत नाही, त्यामुळे बहुतेक लोकांना त्या अशाच दुसऱ्याच कशासाठी तरी केलेल्या स्कॅनमध्ये सापडतात. पण हे सगळं मला नंतर कळलं, त्या दिवशी फक्त गाठ हा एकच शब्द डोक्यात होता आणि घरातही तेच. नवरा म्हणाला उद्याच काढून टाकायचं बघू, बहीण म्हणाली आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखव, आणि मुलगा रात्रभर फोनवर वाचत बसला.

छातीच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी रिपोर्टचा कागद बाजूला ठेवला आणि सीडी मागितली. ती स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडून एकेक स्लाइस, म्हणजे छातीच्या आडव्या कापाचं चित्र, वरखाली करत बघितली. मग प्रश्न सुरू, वय किती, सिगारेट कधी ओढली का, घरात कोणाला फुफ्फुसाचा कॅन्सर होता का, टीबी होऊन गेलाय का, खाणीत किंवा अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामात कधी होतात का, आधी कुठला कॅन्सर, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत का. या शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर हो असेल किंवा वय ३५ च्या आत असेल तर नेहमीचं वेळापत्रक लागू होत नाही, वेगळा विचार करावा लागतो असं ते म्हणाले. माझी सगळी उत्तरं नाही अशीच होती आणि वय पन्नाशीच्या पुढे.

मग त्यांनी स्क्रीनवर दाखवलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. आधी कड बघायची. गुळगुळीत कड असेल तर काळजी कमी, चहूबाजूंनी बारीक काटे बाहेर आल्यासारखी दिसत असेल तर जास्त. मग आत कॅल्शियम आहे का, असेल तर कसं पसरलंय, पूर्ण भरलेलं किंवा बरोबर मध्यभागी असेल तर ती बहुतेक जुन्या इन्फेक्शनची भरून आलेली खूण असते. आत चरबी दिसली तर हॅमार्टोमा, म्हणजे साधी गाठ. जागाही महत्त्वाची, वरच्या भागातल्या गाठीकडे जरा जास्त लक्ष देतात. माझ्या त्या ३-४ मिमीच्या बारक्या गाठींपैकी दोन फुफ्फुसाच्या दोन पाळ्यांमधल्या पडद्याला चिकटलेल्या, चपट्या, तिकोनी अशा होत्या, त्या फुफ्फुसातल्याच छोट्या लिम्फ नोड असतात, त्यांचा विचार सोडून द्या म्हणाले. राहिल्या दोन मोठ्या. उजवीकडच्या सॉलिड गाठीची कड गुळगुळीत होती पण आत कॅल्शियम नव्हतं, म्हणजे खात्री देता येईल असं काही नव्हतं, आणि डावीकडची ग्राउंड ग्लास म्हणजे धूसर डाग, इतका धूसर की त्याच्या आतून रक्तवाहिन्या आरपार दिसत होत्या.

मी विचारलं, मग बायोप्सी करूया का? आणि पेट स्कॅन? यावर त्यांनी जे सांगितलं त्याने माझा अर्धा गोंधळ मिटला. पेट स्कॅन साखर जास्त खाणाऱ्या पेशी दाखवतो पण साधारण ८ मिमीच्या खालच्या गाठीत तो भरवशाचा नाही, ग्राउंड ग्लास गाठ तर कॅन्सरची असली तरी बऱ्याचदा त्यात उजळत नाही, आणि उलट टीबीची किंवा दुसऱ्या इन्फेक्शनची साधी गाठ मात्र झगझगीत उजळते. म्हणजे हो आलं तरी प्रश्न आणि नाही आलं तरी प्रश्न. बायोप्सीत सुई छातीतून आत घालायची, तीही श्वासाबरोबर हलणाऱ्या एवढ्याशा गाठीत, फुफ्फुसाला भोक पडून छातीत हवा साठायचा धोका असतो, आणि सुईत काही सापडलं नाही म्हणजे काही नाहीच असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. आज कुठल्याही तपासणीने जे नीट कळणार नाही ते सहा महिन्यांनी साध्या स्कॅनने कळेल, असं ते म्हणाले.

फ्लायश्नर सोसायटी म्हणून छातीच्या रेडिओलॉजीतल्या तज्ज्ञांची संस्था आहे, तिची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं जगभर वापरतात आणि डॉक्टरांनी तीच समोर ठेवली होती. सॉलिड गाठ ६ मिमीच्या आत असेल आणि माणसाला वेगळा धोका नसेल तर फॉलोअपची गरजच नाही. ६ ते ८ मिमी असेल तर ६ ते १२ महिन्यांनी स्कॅन, मग जरुरीप्रमाणे १८ ते २४ महिन्यांनी अजून एक. ८ च्या वर असेल तर ३ महिन्यांनी स्कॅन, किंवा पेट, किंवा बायोप्सी, जे योग्य वाटेल ते. ग्राउंड ग्लासचा हिशोब वेगळा, ६ मिमी किंवा जास्त असेल तर ६ ते १२ महिन्यांनी बघायचं की आहे का गेली, आणि असेल तर दर २ वर्षांनी, ५ वर्षं होईपर्यंत. इतकी वर्षं का, तर या धूसर गाठी कॅन्सरच्या असल्या तरी फारच हळू वाढतात, दुप्पट व्हायला दोन-दोन वर्षंसुद्धा घेतात, त्यामुळे दोन वर्षं तशीच राहिली म्हणून सुटका होत नाही. सॉलिड गाठ मात्र दोन वर्षं जशीच्या तशी राहिली तर सहसा फाइल बंद करतात.

एक आकडाही त्यांनी सांगितला ज्याचा मला खूप आधार वाटला. अमेरिकेत जास्त सिगारेट ओढणाऱ्या ५३ हजारांहून जास्त लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला, त्यात लो डोस, म्हणजे कमी रेडिएशनच्या, सीटीपैकी जवळजवळ चौथा हिस्सा स्कॅनमध्ये काहीतरी सापडलं आणि त्यातल्या ९६ टक्क्यांहून जास्त वेळा तो कॅन्सर नव्हता. आणि ते लोक माझ्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्यातले होते. पण त्याच अभ्यासात छातीच्या एक्सरेच्या तुलनेत सीटीने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले होते, म्हणजे उरलेल्या त्या थोड्या लोकांसाठी बघत राहणं किती महत्त्वाचं आहे हेही त्यातूनच दिसतं. दोन्ही गोष्टी एकत्र धरून चालायचं.

तरी सहा महिने थांबायचं म्हणजे काय ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. दर वेळी खोकला आला की वाटायचं हेच ते. मी फोन करून विचारलं की महिन्याभरात एक स्कॅन करून टाकू का, मनाची शांती म्हणून. डॉक्टर चिडले नाहीत, कागदावर हिशोब करून दाखवतो म्हणाले, या. गाठ गोल असते, तिचा व्यास २६ टक्के वाढला की घनफळ दुप्पट होतं. ५ ची ६.३ झाली की दुप्पट झाली. ७ ची ९ म्हणजे दुपटीपेक्षाही जास्त. सॉलिड कॅन्सरची गाठ दुप्पट व्हायला बहुतेक वेळा साधारण १०० ते ४०० दिवस लागतात. आता धरा की माझी गाठ वाईटच आहे आणि २०० दिवसांत दुप्पट होणारी आहे, तर एका महिन्यात ७ ची जेमतेम सव्वासात होईल. पाव मिलिमीटर! तेवढा फरक कुठलाच रेडिओलॉजिस्ट खात्रीने सांगू शकत नाही, मोजण्यातली चूकच त्याहून मोठी असते. तेच सहा महिन्यांत साडेआठच्या पुढे जाईल आणि मग दिसेल. म्हणजे लवकर केलेला स्कॅन चांगला आला तरी त्याचा अर्थ शून्य. हे कागदावर बघितल्यावर मला खरंच थांबता आलं. मला वाटतं प्रत्येक पेशंटला कोणीतरी हा हिशोब करून दाखवायला हवा, नुसतं काळजी करू नका सांगून काही होत नाही.

सहा महिने झाले, स्कॅन केला, या वेळी दुसऱ्या सेंटरवर कारण आधीच्या ठिकाणचं मशीन बंद होतं. रिपोर्ट आला: उजवीकडचा नोड्यूल ८ मिमी, पूर्वी ७ मिमी, आकारात वाढ. हे दोन शब्द वाचून मी खुर्चीत बसूनच राहिले. आता हिशोब मलाही येत होता ना. ७ ची ८ म्हणजे घनफळ जवळपास दीडपट, सहा महिन्यांत दीडपट म्हणजे साधारण ३०० दिवसांत दुप्पट, म्हणजे बरोबर त्या वाईट पट्ट्यात. नवऱ्याने ओळखीच्या सर्जनना फोन लावायला घेतला.

छातीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, १ मिमीला मी वाढ म्हणत नाही, २ मिमी किंवा जास्त असेल तर बोलू, पण आधी दोन्ही सीडी घेऊन रेडिओलॉजिस्ट मॅडमकडे जा, मी त्यांना फोन करतो. मॅडमनी दोन्ही स्कॅन एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडले आणि मला बसवून दाखवलं. पहिल्या स्कॅनचं माप ५ मिमी जाडीच्या स्लाइसवर घेतलं होतं. ७ मिमीची गाठ आणि ५ मिमीची स्लाइस, म्हणजे गाठ जेमतेम दोन स्लाइसमध्ये येते आणि कडा पुसट होतात. दुसऱ्या स्कॅनचं माप १ मिमीच्या स्लाइसवर. शिवाय एकाने फक्त सगळ्यात लांब बाजू मोजलेली, दुसऱ्याने लांबी आणि रुंदी दोन्हींची सरासरी काढून पूर्णांकात लिहिलेली. मुलाची उंची एकदा चपला घालून आणि एकदा चपला काढून मोजली तर तो वाढला की नाही कसं कळणार, तसंच हे.

नशिबाने पहिल्या सीडीत जाड स्लाइसबरोबर पातळ स्लाइसची सिरीजही साठवलेली होती. मॅडमनी ती उघडली, दोन्हीकडे तीच स्लाइस शोधली, तीच फुफ्फुसाची विंडो, म्हणजे फुफ्फुस नीट दिसेल अशी स्क्रीनची सेटिंग, लावली आणि तशाच पद्धतीने मोजलं. पहिला स्कॅन ७.६, दुसरा ७.५. मग कॉम्प्युटरवर घनफळही काढलं, त्यातही फरक अगदी थोडा. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये झालेल्या नेल्सन नावाच्या मोठ्या अभ्यासात गाठीचं घनफळ किमान २५ टक्के वाढलं तरच वाढ धरायची असा नियम होता, कारण त्याखालचा फरक मोजण्यातच येऊ शकतो, असं त्या म्हणाल्या. माझी गाठ वाढलेली नव्हती. त्यांनी सुधारित रिपोर्ट लिहून दिला आणि त्यात दोन्ही मापं कुठल्या सिरीजवर, किती जाडीच्या स्लाइसवर घेतली ते स्पष्ट लिहिलं. असा रिपोर्ट प्रत्येकाला मिळायला हवा असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण तो आकडा वाचणारं माणूस घरी बसून रडत असतं.

त्याच दिवशी मॅडमनी अजून एक गोष्ट विचारली ज्याने पुढचं सगळं बदललं. पोटाचा सीटी कधी केला होता का? हो, काही वर्षांपूर्वी मूतखड्यासाठी केला होता. मग तो आणा, पोटाच्या सीटीत वरच्या बाजूला फुफ्फुसाचा तळ येतो. आम्ही घरी येऊन कपाट उपसलं, सीडी सापडली, नवरा सगळ्या फाइली जपून ठेवतो त्याचा किती उपयोग झाला सांगता येत नाही. आणि खरंच, त्या जुन्या स्कॅनच्या सगळ्यात वरच्या काही स्लाइसमध्ये डाव्या तळाशी तो धूसर डाग होता! त्या वेळी कोणी लिहिला नव्हता, सगळ्यांचं लक्ष किडनीकडे, आणि स्लाइस जाड असल्यामुळे तो अगदी पुसट होता, पण जागा तीच आणि आकारही डोळ्याला तेवढाच.

मला वाटलं सुटलो. मॅडम म्हणाल्या चांगली बातमी आहे पण सुटका नाही. इतकी वर्षं तो तिथे आहे म्हणजे इन्फेक्शनचा तात्पुरता डाग नाही एवढं पक्कं झालं, आणि जे काही आहे ते फार हळू चालणारं आहे. पण अशा टिकून राहणाऱ्या ग्राउंड ग्लास गाठी कधीकधी अ‍ॅडिनोकार्सिनोमाची म्हणजे फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरची अगदी सुरुवातीची पायरी असतात, वर्षानुवर्षं नुसत्या बसून राहतात आणि मग त्यांच्यात घट्ट भाग तयार व्हायला लागतो. त्यामुळे इथे नुसतं मिमीकडे बघायचं नाही, धूसरपणा घट्ट होतोय का, आत पांढरा ठिपका आलाय का, कड ओढल्यासारखी दिसतेय का, हे बघायचं. कधीकधी तर अशी गाठ आकुंचन पावून आकाराने कमी होते आणि घट्ट मात्र होते, आणि रिपोर्टमध्ये फक्त आकार कमी झाला असं वाचून लोक खूश होतात. मी हे लिहून घेतलं.

आणि दर वेळी तुलना सगळ्यात जुन्या स्कॅनशी करायची, फक्त मागच्याशी नाही. हे मला इतकं पटलं की आता मीच प्रत्येक वेळी सांगते. हळू वाढणारी गाठ प्रत्येक स्कॅनमध्ये मागच्यापेक्षा अर्धा मिमी मोठी असेल तर प्रत्येक रिपोर्ट म्हणणार लक्षणीय बदल नाही, आणि पहिल्याशी लावून बघितलं तर ती दुप्पट झालेली असेल.

त्यानंतरच्या एका स्कॅनमध्ये उजवीकडे खाली एक नवीनच ५ मिमीचा डाग आला. नवीन गाठीकडे जुन्यापेक्षा जास्त लक्ष देतात, कारण मागच्या स्कॅनला ती नव्हतीच म्हणजे शून्यापासून एवढी झाली. पण त्याच्या आधीच मला जोरात सर्दी-ताप येऊन गेला होता. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही, आता काही त्रास नाही तर कशाला म्हणाले, तीन महिन्यांनी बघू, इन्फेक्शनचा डाग असेल तर तोपर्यंत विरघळतो. विरघळला.

रेडिएशनबद्दल घरात सगळे विचारायचे म्हणून सांगते. फॉलोअपचे सगळे स्कॅन लो डोसवर केले, त्यात साधारण १.५ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी जातं, आणि निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतं. कॉन्ट्रास्टचं, म्हणजे स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उठून दिसायला देतात ते, इंजेक्शनही नको, गाठीचा आकार बघायला ते लागत नाही. एका सेंटरवर सवयीने कॉन्ट्रास्टची तयारी सुरू केली होती, मी चिठ्ठी दाखवली आणि त्यांनी फोन करून खात्री केली.

मी आता जाताना एक छापील कागद घेऊन जाते, त्यावर प्रत्येक गाठ कुठे, कुठल्या वर्षी किती, कुठल्या जाडीच्या स्लाइसवर, सगळं ओळीने. सेंटर शक्यतो तेच ठेवते, आणि चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घेते की १ मिमीच्या स्लाइस, लो डोस, कॉन्ट्रास्ट नाही, जुन्या सगळ्या स्कॅनशी तुलना करावी. सीडीत पातळ स्लाइस आहेत ना हे तिथून निघण्याआधी विचारते, कारण बऱ्याच ठिकाणी जाड स्लाइसच देतात आणि पातळ काही दिवसांनी मशीनमधून पुसून टाकतात, मग त्या परत मिळत नाहीत. आणि श्वास. टेक्निशियन म्हणतो मोठा श्वास घ्या आणि रोखा, तो दर वेळी तेवढाच पूर्ण भरून घ्यायचा. अर्धवट घेतला तर फुफ्फुस नीट फुगत नाही, सगळंच दाट दिसतं आणि धूसर गाठ उगाच घट्ट झाल्यासारखी वाटू शकते. मी नंबर येईपर्यंत बाहेर बसून तेवढा सराव करून घेते.

सॉलिड गाठीची दोन वर्षं झाली, ती होती तेवढीच आहे, डॉक्टरांनी तिचा फॉलोअप बंद केला. त्या दिवशी आम्ही दोघं खूप वेळ काही न बोलता हसत होतो. डावीकडची चालू आहे. मी विचारून ठेवलंय की काय झालं तर काय करायचं: आत घट्ट भाग दिसला तर तीन ते सहा महिन्यांत परत स्कॅन, तो घट्ट भाग टिकून राहिला आणि ६ मिमीच्या आत असेल तर दरवर्षी, त्याच्या वर गेला किंवा वाढत असेल तर पेट, बायोप्सी किंवा थेट ऑपरेशन, तेही फुफ्फुसाचा छोटा भाग काढून. इतक्या सुरुवातीला काढलेल्या अशा गाठीत पूर्ण बरं होण्याचं प्रमाण खूप जास्त आहे हेही त्यांनी सांगितलं. मुलाने सगळ्या सीडी पेन ड्राइव्हवर उतरवल्यात, मूतखड्याची सगळ्यात पहिली, आणि पुढच्या स्कॅनच्या चिठ्ठीवर तिची तारीख वरच लिहून घेतली आहे.